तोंडातून बाहेर पडते ते

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. १८६८ साली तिथे गोखल्यांच्या घरी मनकर्णिका जन्मली. तिला पुढे महाराष्ट्राने लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखले. वडिलांचे सोवळे विलक्षण कडक. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, आणि या धुण्यातून मिठासारख्या विरघळणाऱ्या जिनसाही सुटत नसत. घरात काय येते, अंगाला काय लागते, पोटात काय जाते, यावर सगळ्या घराचा दिवस बेतलेला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हे सगळे हसत हसत सांगितले आहे, पण त्या हसण्याआड घरातल्या बायकांचे जे हाल होत तेही लपत नाहीत.

याच लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ज्या धर्मात त्या गेल्या त्याच्या शुभवर्तमानात हात धुण्यावरूनच एक वाद आहे. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात अशी परूश्यांची तक्रार होती. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात येशू तिला जे उत्तर देतो त्याचा मथितार्थ असा, की तोंडात जाणाऱ्या गोष्टीने माणूस विटाळत नाही. तोंडातून बाहेर पडणारी गोष्ट अंतःकरणातून येते, आणि विटाळ तिचा होतो. म्हणजे सोवळे आहेच, फक्त पहारेकऱ्याने तोंड आतल्या बाजूला करून उभे राहायचे. नाशिकच्या ख्रिस्ती समाजाने हा पहारा पावणेदोनशे वर्षांत कसा केला, कुठे नेटाने आणि कुठे डुलक्या घेत, हा विषय प्रवचनांत येतो तेवढा सरळ नाही.

प्रवचनात तो बहुधा ‘वाईट शब्द बोलू नका’ एवढ्यावर आटोपतो. रविवारच्या शाळेतल्या मुलांना शिव्या देऊ नका म्हणून सांगतात, तरुण संघात तोंड सांभाळा म्हणतात, लग्नाच्या उपासनेत नवराबायकोने एकमेकांशी गोड बोलावे असे पाळकसाहेब सुचवतात. यात चूक काही नाही. पण ज्या वचनाच्या आधारावर हे सांगितले जाते, पौलाच्या इफिसकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायातल्या, त्याची मागणी याहून बरीच मोठी आहे. कुजके बोलणे टाळा, एवढे म्हणून पौल थांबत नाही. बोलणे गरजेला धरून असावे, ऐकणाऱ्याची उभारणी करणारे असावे, असे तो पुढे म्हणतो. ही कसोटी लावली तर एकही शिवी नसलेले, अगदी ‘प्रभूची स्तुती असो’ने सुरू झालेले बोलणेही नापास होऊ शकते. आणि एखादे खरमरीत वाक्य पास होऊ शकते. पौलाने स्वतः गलतीकरांना लिहिलेले पत्र काही गुळमट नाही. त्यांना तो सरळ बुद्धिहीन म्हणतो.

याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेविषयीच आहे. घोड्याचा लगाम, जहाजाचे सुकाणू, रानाला लागणारी ठिणगी या तिथल्या उपमा चर्चमध्ये वाढलेल्या बहुतेकांना तोंडपाठ असतात. त्यामानाने त्याच अध्यायातली खरी तक्रार कमी लक्षात राहते. ज्या तोंडाने आपण देवाला धन्यवाद देतो त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाला शाप देतो, ही ती तक्रार. याकोबाला खुपते आहे ते उपासनेतले आणि उपासनेनंतर चर्चच्या आवारातले बोलणे यांतले अंतर.

शहराचे चित्रही थोडक्यात पाहायला हवे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि तिच्या खुणा शरणपूर रोडच्या नावात अजून आहेत. अँग्लिकन नाशिक धर्मप्रांत १९२९ सालचा, आणि १९७० मध्ये तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिसळला. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत बराच अलीकडचा, १९८७ सालचा. बिशप थॉमस भालेराव हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला देशभरातून माणसे येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. याखेरीज स्वतंत्र मंडळ्या आणि घरोघरच्या प्रार्थनासभा आहेतच. या सगळ्यांचे आपसात अनेक बाबतींत पटत नाही. दहा आज्ञांचे क्रमांकसुद्धा जुळत नाहीत: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही कॅथलिक मुलाला आठवी आज्ञा म्हणून पाठ असते आणि प्रॉटेस्टंट मुलाला नववी म्हणून. मोडताना मात्र दोघांना क्रमांक आठवत नाही.

या आज्ञेचा विचार कॅथलिक परंपरेने फार बारकाईने केला आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात शेजाऱ्याच्या नावाला लागणाऱ्या कलंकाचे तीन प्रकार वेगळे काढले आहेत. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात एखाद्याला दोषी ठरवणे हा पहिला. खोटे सांगून त्याचे नाव बद्द करणे हा तिसरा. मधला सर्वांत अडचणीचा: दुसऱ्याचा खरा दोष, ज्याला तो माहीत नव्हता त्याला, योग्य कारणाशिवाय सांगणे. ‘मी काय खोटं बोलतेय का?’ हा आपल्याकडचा हमखास बचाव इथे उपयोगाचा नाही. खरे असणे पुरत नाही, कारणही लागते.

आणि कारण आपल्याला चटकन सापडते. प्रार्थनासभेत ते ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून येते. अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, घरात फार अडचण आहे. मग अडचण कसली ते विचारणे ओघानेच आले, आणि प्रार्थनेला डोळे मिटण्याआधी अमक्यांच्या घरची सगळी हकिकत चहाबरोबर फिरून आलेली असते. सांगणारीचा हेतू वाईट असतोच असे नाही. पण ज्यांच्यासाठी प्रार्थना होते आहे त्यांना ती नको होती, निदान अशी नको होती, हे कुणी विचारलेलेच नसते. आता हेच काम मंडळीचा व्हॉट्सअप ग्रुप अधिक वेगाने करतो, आणि तिथे चहाही लागत नाही.

या रोगावर जॉन वेस्लीने २९ जानेवारी १७५२ रोजी एक लेखी करार करून पाहिला होता. मेथडिस्ट चळवळीतल्या प्रवचनकारांमध्ये आपसात कुरबुरी सुरू झाल्या होत्या, तेव्हा त्याने, त्याचा भाऊ चार्ल्सने आणि काही सहकाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. एकमेकांविषयी वाईट ऐकायचे नाही आणि खोदून विचारायचे नाही. कानावर आलेच तर चटकन विश्वास ठेवायचा नाही. ऐकलेले लवकरात लवकर त्या माणसालाच बोलून किंवा लिहून कळवायचे. तोवर आणि त्यानंतरही दुसऱ्या कुणाजवळ अक्षर काढायचे नाही. मुळात ही मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलीच रीत आहे: भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा, मंडळीपुढे गोष्ट शेवटी ने. मंडळीतल्या तंट्यांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ठाऊक असते, की प्रत्यक्षात ही वाट उलटीकडून चालली जाते. आधी मंडळीला कळते, मग एकदोघांना समजूत घालायला पाठवतात, आणि ज्याच्याविषयी सगळे बोलणे चालले आहे त्याला सर्वांत शेवटी. पोप फ्रान्सिस यांनी ६ सप्टेंबर २०२० च्या रविवारी नेमक्या याच उताऱ्यावर बोलताना कुचाळकी ही कोविडहून वाईट साथ आहे असे म्हटले. साथ ऐन भरात असताना.

खरे बोलण्यालाही कारण लागते, हे मान्य केले की ‘स्मृतिचित्रे’चे काय करायचे असा प्रश्न उभा राहतो. चार भागांतले हे आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध होत गेले. त्यात पती नारायण वामन टिळकांचा रागीटपणा आहे, न सांगता घर सोडून जाणे आहे, हातातला पैसा वाटेल त्याला देऊन टाकणे आहे. टिळक तेव्हा हयात नव्हते. ते १९१९ सालीच गेले होते. शिवाय ते महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचे लाडके कवी, त्यांची भजने दर रविवारी म्हटली जात. मग बायकोने लिहिलेले हे परनिंदेत बसते का? बसत नाही असे वाचणाऱ्याला पानोपानी जाणवते, आणि त्याची कारणे पुस्तकातच आहेत. लक्ष्मीबाई स्वतःला सूट देत नाहीत. आपला अडाणीपणा, हट्ट, बाप्तिस्म्यानंतरही न सुटलेल्या सवयी त्या टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाइतक्याच मोकळेपणाने सांगतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पाच वर्षांची ताटातूट झाली. तेवढा काळ आपण काय सोसले तेही लक्ष्मीबाईंनी लिहिले, पण नवऱ्याला न्यायासनासमोर उभे केले नाही. दोष सांगूनही माणूस लहान होऊ न देणे ही मराठीतली दुर्मीळ कला आहे, आणि तिचा उत्तम नमुना या गोदाकाठच्या बाईने दिला. चरित्र म्हणजे आरती समजणाऱ्यांना आजही हे पुस्तक वाचायला दिले पाहिजे.

साक्षीची गोष्ट याच्या उलट टोकाची. मंडळीपुढे उभे राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगणे, ही प्रॉटेस्टंट आणि विशेषतः स्वतंत्र मंडळ्यांतली महत्त्वाची रीत. इथे मोह निंदेचा नसतो, रंगवण्याचा असतो. पूर्वीचे पाप जेवढे काळे तेवढे तारण उजळ दिसते, म्हणून दारूचा एक पेला दर साक्षीगणिक मोठा होत जातो. आजार बरा झाल्याचे सांगताना डॉक्टरांचे औषध वगळले जाते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू शपथाच वाहू नका म्हणतो. ‘होय’ला होय आणि ‘नाही’ला नाही एवढेच पुरे. क्वेकर पंथीयांनी याचा शब्दशः अर्थ घेऊन सतराव्या शतकापासून कोर्टात शपथ घ्यायचे नाकारले आणि त्यापायी तुरुंग भोगले. भारतात आज १९६९ च्या कायद्याप्रमाणे शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. कोर्टात एवढी सोय आहे. प्रार्थनासभेत उलटतपासणी नसते, म्हणून तिथे जबाबदारी अधिक.

साक्षीच्या खरेखोटेपणाचा एक मोठा धडा खुद्द शरणपूरच्या इतिहासात आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले १८६० नंतर इथे आणली गेली. त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकामासारखे हुन्नर शिकवले जात. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये आफ्रिकेतल्या शेवटच्या शोधयात्रेला निघाला तेव्हा त्याने नाशिकची नऊ मुले बरोबर घेतली. त्यांच्याविषयी त्याने रोजनिशीत आळशी, बेफिकीर अशा तक्रारी केल्या आहेत. त्याच वर्षी कोमोरो बेटांवरून आलेले हमाल वाटेतच त्याला सोडून गेले. त्यांचा म्होरक्या मुसा याने पगार बुडू नये म्हणून झांझिबारला येऊन लिव्हिंग्स्टनला मारून टाकल्याचे सविस्तर वर्णन करून सांगितले. बातमी लंडनपर्यंत गेली, मृत्युलेख छापले गेले. ती खोटी ठरवायला १८६७ मध्ये ई. डी. यंगच्या हाताखाली वेगळी मोहीम पाठवावी लागली.

लिव्हिंग्स्टन खरोखर वारला तो १ मे १८७३ ला, आजच्या झांबियात. तेव्हा त्याच्याजवळ जेकब वेनराइट होता, नाशिकच्याच शाळेत शिकलेला, लिव्हिंग्स्टनला शोधून काढणाऱ्या स्टॅन्लीने १८७२ मध्ये पाठवलेल्या तुकडीतला. त्याने अंत्यविधीचे वाचन केले, झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली आणि पाहिले ते लिहून ठेवले. मृत्यूची बातमी ज्या पत्राने पुढे गेली तेही त्याच्याच हातचे. या वेळी ती खरी होती. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. ज्या मुलांविषयी मालकाच्या वहीत कुरकुर होती त्यांच्याच शाळेतल्या एकाच्या शब्दावर अख्ख्या इंग्लंडला विसंबावे लागले. मिशनच्या जुन्या कागदपत्रांत नेटिवांविषयी जी शेरेबाजी भरलेली असते ती वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

शेरेबाजीचा विषय निघाला की जातीचा येतोच. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावात धड नाव मिळत नसे, राम्या-म्हाद्या असे तोडूनच हाक पडे. बाप्तिस्म्याने शमुवेल, दाविद, रूथ, एस्तेर अशी नावे आली आणि ती पूर्ण उच्चारली जाऊ लागली. शेजारी बसलेला ‘बंधू’ झाला. हा बदल लहान नव्हता, हाक बदलल्यावर ओ देणारा ताठ उभा राहतो. मात्र त्याच आवारात गोरा मिशनरी ‘साहेब’ आणि त्याची बायको ‘मडमबाई’ राहिली, आणि टिळकांसारख्या माणसाला ते डाचत होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो देशी वळणाच्या बंधुत्वासाठी. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

जातही वेशीवर थांबली नाही. सोयरिकीच्या बोलण्यांत ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अजून खालच्या आवाजात विचारला जातो. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडे धाव घेतली, त्यांत ख्रिस्तीही होते. आंबेडकरांनी ख्रिस्ताची शिकवण वाचली होती, पण धर्मांतरितांत जात टिकून आहे हे त्यांनी स्पष्ट लिहिले. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी आणखी एक बोट ठेवले: तुमच्यात शिक्षण आहे, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही लढला नाहीत. ‘सौम्य बोला’ या शिकवणीचा हा दुसरा अर्थ आपण फारसा काढत नाही. जिथे बोलायलाच हवे तिथे गप्प बसणेही कुजक्या बोलण्याच्या शेजारी ठेवावे लागेल. पंडिता रमाबाईंना हे उमगले होते. इंग्लंडात त्यांच्या धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी लिहिलेली पत्रे आदराने भरलेली आहेत, तरी एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीपुढे मान तुकवणार नाही हे त्यांत निःसंदिग्धपणे आले आहे. नम्रता आणि होयबापणा यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

शेजारधर्मीयांविषयीचे बोलणे हा नाशिकसारख्या तीर्थक्षेत्रात नाजूक प्रश्न. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी प्रचाराचा सूर अनेकदा हिणवणारा होता. समोरून उत्तरही तसेच येई. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद रंगले ते ऐकायला गर्दी लोटत असे. वाद जाहीर होता, तोंडावर होता, एवढे त्याचे भले म्हणावे. टिळकांनी सूरच बदलला. आपण ख्रिस्तापाशी तुकारामाच्या पुलावरून आलो असे ते सांगत. कीर्तन आणि अभंग त्यांनी चर्चमध्ये आणले, आणि लक्ष्मीबाईही कीर्तनाला उभ्या राहिल्या. ज्या परंपरेतून आलो तिला नावे न ठेवता नवी श्रद्धा सांगता येते, हे त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला ऐकू आले.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच वळणाचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्या आल्या. जानेवारी २०२० मध्ये ते अध्यक्ष म्हणून बोलले. ज्ञानेश्वर-तुकारामांचे ऋण मानणाऱ्या या धर्मगुरूने विरोधकांना त्यांच्या भाषेत उत्तर दिले नाही, आणि देशातल्या असहिष्णुतेबद्दल बोलायचेही टाळले नाही. २०२४ च्या जुलैत ते गेले.

आजच्या नाशिककर ख्रिस्ती घरात हे सगळे कसे उतरते? कॅथलिक घरात पापनिवेदनाआधीच्या आत्मपरीक्षणात जिभेचा हिशेब असतो; निवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर तर एक अक्षरही बाहेर न काढण्याचे कडक बंधन आहे, आणि ते मोडणाऱ्याला चर्चच्या कायद्यात बहिष्काराची शिक्षा आहे. प्रॉटेस्टंट घरांत संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना जिथे टिकली आहे तिथे निदान दिवसभराची धुसफूस एकाच छताखाली असताना मिटवायची संधी मिळते. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असे पौल त्याच चौथ्या अध्यायात सांगतो. उपवासकाळात मटण-मासे सोडणारे पुष्कळ. टोमणे, लावालावी आणि फॉरवर्ड सोडणारे थोडे, कारण त्याला साक्षीदार नसतो. पोप लिओ चौदावे यांनी निवडीनंतर चारच दिवसांनी, १२ मे २०२५ रोजी, पत्रकारांशी बोलताना शब्दांनी शस्त्रे खाली ठेवावीत असे आवाहन केले. ते वृत्तपत्रांना उद्देशून होते. पण मंडळीच्या निवडणुकीत निनावी पत्रके वाटणाऱ्यांना, जमिनीच्या वादात एकमेकांना ‘यहूदा’ म्हणणाऱ्यांना आणि रात्री साडेअकराला ग्रुपवर ‘काहींच्या माहितीसाठी’ अशी सुरुवात करून कुणाचेही नाव न घेता सगळ्यांना कळेल असे लिहिणाऱ्यांनाही ते तितकेच लागू पडते. वेस्लीच्या करारातले तिसरे कलम, ज्याच्याविषयी ऐकले त्यालाच आधी कळवा, हे तर आज फोनमुळे १७५२ पेक्षा कितीतरी सोपे आहे: ग्रुपऐवजी त्या एकाच नंबरवर बोट ठेवायचे असते.